माढा, बीड आणि मराठी माइक

१ मे २०२३, महाराष्ट्र दिन. त्या दिवशी आयपीएलमधल्या बंगळुरूच्या संघाने एक बदल जाहीर केला. डेव्हिड विली हा इंग्लंडचा डावखुरा गोलंदाज बाहेर पडला आणि त्याच्या जागी एक कोटी रुपयांत केदार जाधव आला. अशा अदलाबदली दर हंगामात होतात. ही वेगळी ठरली ती एकाच कारणाने. केदार तेव्हा जिओ सिनेमावर याच स्पर्धेचं मराठी समालोचन करत होता. बंगळुरूचे मुख्य प्रशिक्षक संजय बांगर यांनी फोन करून विचारलं, काय चाललंय? समालोचन करतोय, असं उत्तर गेलं. पुढचा प्रश्न सरावाचा होता: सराव सुरू आहे ना? केदारने हा किस्सा नंतर स्वतःच सांगितला. सराव सुरू होता. माइक खाली ठेवून त्याने पुन्हा बॅट उचलली.

फोनच्या दोन्ही टोकांना परंड्याच्या आसपासच्या मुलखाशी नातं असलेली माणसं होती. बांगर यांचा जन्म बीडचा. केदार जन्मला पुण्यात आणि वाढला कोथरूडला, पण घराणं मूळचं सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या जाधववाडीचं. माढा तालुक्याची शीव धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्याला लागून आहे आणि याच जिल्ह्याची उत्तर बाजू बीडला टेकते. दोघेही खेळून, नाव कमावून बोलणाऱ्यांच्या खोलीत गेलेले. पण मैदानात घाम गाळलेला माणूस मराठीतून सामना सांगतोय, हे परंड्यापर्यंत पोहोचायला फार वर्षं लागली. त्या वर्षांची ही हकिकत.

परंडा म्हटलं की आधी किल्ला आठवतो. बहमनी काळातला भुईकोट, भोवती खंदक, बुरुजांवर तोफा. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर निजामशाहीचा कारभार काही काळ इथूनच हलत होता. विजापूरची प्रसिद्ध मुलूख-ए-मैदान तोफ तिकडे गेली तीही परंड्याहून. क्रिकेटच्या दृष्टीने मात्र महत्त्वाची आहे ती पुढची गोष्ट. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात परंडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर शेजारचे माढा आणि बार्शी ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात. काही कोसांच्या अंतरात राज्य बदलायचं, आणि राज्याबरोबर रणजीचा संघही. शिवेच्या अलीकडच्या मुलाचा संघ हैदराबाद, पलीकडच्याचा महाराष्ट्र. हैदराबादने १९३७-३८ साली रणजी करंडक जिंकला. प्रा. दि. ब. देवधरांच्या महाराष्ट्राने त्यानंतर १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा जिंकला. ना त्या आनंदात परंड्याचा कोणी खेळाडू होता, ना या आनंदात. कपाशी-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखात खेळ होते ते कुस्ती, हुतूतू आणि खो-खो.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. पुण्याहून चालणारा महाराष्ट्राचा रणजी संघ आता औरंगाबाद, बीड, जालना, उस्मानाबाद (आजचं धाराशिव) या जिल्ह्यांचाही झाला. पण मैदानावर पोहोचायला वेळ लागणारच होता. त्याआधी पोहोचला तो आवाज.

भारतात रेडिओवरून क्रिकेटचं वर्णन सुरू झालं ते इंग्रजीतून. मुंबईच्या चौरंगी सामन्यांच्या वेळी, १९३४ साली, ए. एफ. एस. तल्यारखान यांनी माइकचा ताबा घेतला. दिवसभर ते एकटेच बोलत आणि शेजारी दुसरा कोणी चालवून घेत नसत. निवृत्त खेळाडूंपैकी विजय मर्चंट हे या कामातलं मोठं नाव. विविध भारतीवरचा त्यांचा क्रिकेटचा कार्यक्रम घराघरांत ऐकला जाई. पण मर्चंट बोलत ते शहरातल्या इंग्रजी जाणणाऱ्या श्रोत्यासाठी. बांधावर ट्रान्झिस्टर ठेवून ऐकणाऱ्याला धावसंख्या कळायची, सामना कळायचा नाही.

ही उणीव भरून काढणाऱ्यांत पुण्याच्या बाळ ज. पंडितांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं आणि पुढच्या दशकांत पंडितांचा आवाज मराठी धावत्या वर्णनाशी कायमचा जोडला गेला. क्रिकेटवर त्यांनी मराठीत पुस्तकंही भरपूर लिहिली. २०१५ साली पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा साठीच्या घरातल्या कितीतरी मराठी माणसांना आपलं शाळकरी वय आठवलं असेल. त्यांचं मोठेपण नीट पाहायला हवं. मैदान न पाहिलेल्या माणसाला त्यांनी मैदान दाखवलं. क्षेत्ररक्षक कुठे उभा आहे, चेंडू कोणत्या बाजूने वळला, फलंदाजाचा पाय किती पुढे आला, हे सगळं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभं करायचं आणि तेही दोन चेंडूंच्या मधल्या वेळात. स्वतः खेळलेला माणूसच हे इतक्या सहज करू शकतो. वर्तमानपत्रांत हेच काम वि. वि. करमरकरांनी केलं. महाराष्ट्र टाइम्समध्ये त्यांनी खेळाला मानाचं पान मिळवून दिलं. मार्च २०२३ मध्ये ते गेले, बांगर यांचा तो फोन जाण्याआधी दोन महिनेसुद्धा नाहीत.

तरी एक गोष्ट सांगायला हवी. खेळ बोलून दाखवण्याची कला गावाकडे रेडिओने आणली असं कोणी म्हणालं, तर ते खरं नाही. जत्रेच्या कुस्तीफडात ती आधीपासून होती आणि आजही आहे. हलगी कडाडते, पैलवान अंगाला माती लावतात आणि निवेदक ध्वनिवर्धकावरून सांगू लागतो: पैलवान कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, मागच्या वर्षी कुणाला चितपट केलं. कुस्ती जुंपली की एकेरी पट, ढाक, घिस्सा, मोळी, कलाजंग, जो डाव पडेल तो त्याच क्षणी नावानिशी हजारोंच्या कानावर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोथळीच्या शंकर पुजारींचं नाव या कामात राज्यभर घेतलं जातं. या निवेदकांना स्टुडिओ नाही, पडद्यावर पुन्हा दाखवलेलं दृश्य नाही आणि चूक लपवायला जागाही नाही, कारण समोर बसलेला प्रत्येक म्हातारा डाव ओळखतो. मराठी क्रीडा-समालोचनाचा इतिहास लिहिताना हा फड वगळला जातो, हा अन्याय आहे.

क्रिकेटमध्ये मात्र मोठे खेळाडू माइककडे वळले ते इंग्रजी आणि हिंदीतून. सुनील गावसकर १९८७ साली निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर १२५ कसोटी, १०,१२२ धावा आणि ३४ शतकं होती. गेली जवळजवळ चार दशकं ते समालोचनात आहेत. त्यांच्या मागोमाग मुंबईकडून खेळलेले रवी शास्त्री आणि संजय मांजरेकर आले. जगभरच्या वाहिन्यांनी त्यांना बोलावलं, आणि ते रास्तच होतं. पण या सगळ्या काळात मराठी माइकजवळ उरले ते निष्ठावान पत्रकार आणि निवेदक. त्यांनी काम चोख केलं. तरी ड्रेसिंग रूममधून नुकताच बाहेर आलेला माणूस मराठीत बोलतोय, असा प्रसंग दुर्मीळच राहिला. पैसा तिकडे होता आणि प्रक्षेपणाचे हक्कही तिकडेच.

बांगर यांचं उदाहरण या दृष्टीने बोलकं आहे. बीडचा हा मुलगा स्थिरावला तो रेल्वेच्या संघात. रेल्वे म्हणजे नोकरी करून खेळणाऱ्यांचा संघ, त्यात तारे नाहीत. २००१-०२ साली या संघाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला आणि २००४-०५ साली तो पुन्हा उचलला तेव्हा कर्णधार बांगर होते. भारताकडून ते १२ कसोटी खेळले. नागपुरात झिंबाब्वेविरुद्ध त्यांनी नाबाद शतक केलं, पण क्रिकेटवेड्यांच्या लक्षात आहे ते ऑगस्ट २००२ मधलं लीड्स. ढगाळ हवा, ओलसर खेळपट्टी आणि तरीही प्रथम फलंदाजी घेण्याचा धाडसी निर्णय. सलामीला बांगर. त्यांनी ६८ धावा केल्या आणि राहुल द्रविडबरोबर १७० धावांची भागीदारी रचली. त्या पायावर द्रविडने १४८, सचिनने १९३ आणि गांगुलीने १२८ धावा उभ्या केल्या, भारताने ६२८ वर डाव सोडला आणि एक डाव व ४६ धावांनी सामना जिंकला. शतकं त्या तिघांची लक्षात राहिली. पण पहिल्या दिवशीचे ते तास निभावले नसते तर पुढचं काहीच घडलं नसतं. २०१३ साली निवृत्त झाल्यावर बांगर प्रशिक्षक झाले, २०१४ ते २०१९ या काळात भारतीय संघाच्या फलंदाजीचे प्रशिक्षक होते आणि त्यानंतर हिंदी समालोचनात दिसले. बीडचा माणूस बोलला, पण हिंदीतून.

केदारची वाट आणखी आडवळणाची. वडील वीज मंडळात नोकरीला, घर मध्यमवर्गीय. टेनिस चेंडूच्या स्पर्धांपासून सुरुवात झाली, मग पुण्याच्या पीवायसी हिंदू जिमखान्यावर. २०१२ साली उत्तर प्रदेशविरुद्ध त्याने ३२७ धावा कुटल्या. २०१३-१४ चा रणजी हंगाम तर त्याचाच होता: १,२२३ धावा, सहा शतकं. त्या हंगामाच्या उपांत्यपूर्व फेरीत महाराष्ट्राने मुंबईला वानखेडेवर हरवलं. चौथ्या डावात केदार नाबाद १२० आणि जालन्याचा विजय झोल नाबाद ९१. चाळीस वेळा करंडक जिंकलेल्या मुंबईला तिच्याच अंगणात हरवण्याचं हे काम जालन्याच्या आणि जाधववाडीच्या मुलांनी मिळून केलं, हे मराठवाड्याने अभिमानाने सांगावं असं आहे. महाराष्ट्र अंतिम फेरीत गेला. तिथे कर्नाटकाने त्यांना रोखलं.

नोव्हेंबर २०१४ मध्ये रांचीला श्रीलंकेविरुद्ध तो भारताकडून पहिल्यांदा खेळला, तेव्हा वय एकोणतिशी ओलांडलेलं. या वयात बहुतेकांची दारं बंद होतात. केदारने ती उघडी ठेवली ती अनेक कामं अंगावर घेऊन. ऑक्टोबर २०१६ मध्ये धरमशाला इथे न्यूझीलंडविरुद्ध धोनीने त्याच्या हाती चेंडू दिला आणि त्याने लागोपाठच्या दोन चेंडूंवर नीशम आणि सँटनर यांना परत पाठवलं. ती गोलंदाजी पाहायलाच हवी अशी होती. हात खांद्यावरून येण्याऐवजी कमरेच्या पातळीवरून यायचा, चेंडू इतका खाली राहायचा की फलंदाजाला बॅट खाली घालायला वेळ मिळेना. पुस्तकात न बसणारी ती शैली टेनिस चेंडूच्या स्पर्धांत खेळलेल्या कुणालाही ओळखीची वाटावी.

मग आला १५ जानेवारी २०१७ चा गहुंज्याचा सामना. इंग्लंडच्या ३५० धावा. भारत चार बाद ६३. विराट कोहलीचा पूर्णवेळ एकदिवसीय कर्णधार म्हणून तो पहिलाच सामना आणि समोर घरच्या मैदानावर उभा केदार. दोघांनी २०० धावा जोडल्या. केदारचं शतक ६५ चेंडूंत झालं. पायात गोळे येऊ लागले, धावता येईना, तेव्हा त्याने पळण्याऐवजी चेंडू सीमेपार धाडायचं ठरवलं. ७६ चेंडूंत १२०. भारत तीन गडी राखून जिंकला. मालिकेतल्या शेवटच्या सामन्यात कोलकात्याला तो पुन्हा एकटा झुंजला. अखेरच्या षटकात १६ हव्या होत्या. पहिल्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार, पुढचे दोन चेंडू निर्धाव, पाचव्यावर तो ९० धावांवर बाद झाला आणि भारत पाच धावांनी हरला. मालिका मात्र भारताची होती आणि मालिकावीर केदार, २३२ धावांसह.

दुखापत ही त्याची जन्माची सोबतीण होती. एप्रिल २०१८ मध्ये आयपीएलमध्ये चेन्नईकडून खेळताना वानखेडेवर मुंबईविरुद्ध मांडीचा स्नायू दुखावून तो तंबूत परतला होता. चेन्नईचा शेवटचा गडी उरल्यावर लंगडत आला. तीन चेंडू गेले, चौथ्यावर षटकार, पाचव्यावर चौकार आणि सामना खिशात. त्यानंतर उरलेल्या हंगामाला त्याला मुकावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुबईत आशिया चषकाची अंतिम लढत. बांगलादेशाची १२० धावांची सलामी त्यानेच फोडली. फलंदाजीत पुन्हा स्नायू आखडला, पुन्हा बाहेर गेला, पुन्हा आत आला आणि शेवटच्या चेंडूवर पायाला लागून मिळालेल्या एका धावेने भारत जिंकला. ७३ एकदिवसीय सामने, १,३८९ धावा, सरासरी ४२, २७ बळी. कसोटी एकही नाही. २०१९ च्या विश्वचषकात तो खेळला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ऑकलंडला भारताकडून शेवटचा.

एवढं मैदान अंगावर असलेला हा माणूस २०२३ च्या वसंतात मराठी माइकपुढे बसला. ते शक्य झालं एका व्यापारी निर्णयामुळे. आयपीएलच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांची एकूण बोली ४८,३९० कोटींवर गेली होती आणि मोबाइलवरचे हक्क टीव्हीपासून वेगळे विकले गेले होते. ते घेणाऱ्या कंपनीने सामने फुकट दाखवायचे ठरवले आणि बारा भाषांतून. त्यांत मराठी होती, भोजपुरी होती, पंजाबी होती. केबलवाल्याकडे मासिक पैसे न भरणाऱ्या घरातही आता हातातल्या फोनवर मराठीतून सामना ऐकता येऊ लागला. परंड्याच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहणाऱ्या पोरालाही.

आणि योगायोग असा, की पहिल्याच सामन्यात परंड्याच्या त्या पोराच्याच जिल्ह्याचं नाव होतं. ३१ मार्च २०२३, अहमदाबाद, चेन्नई विरुद्ध गुजरात. चेन्नईकडून पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने ५० चेंडूंत ९२ धावा फटकावल्या. मग चेंडू घेऊन धावत आला तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर, २०२२ चा १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकलेला, आयपीएलमधला पहिलाच सामना खेळणारा. ३६ धावांत तीन बळी. सामना गुजरातने जिंकला, पण धाराशिव जिल्ह्याच्या मुलाने मोठ्या स्पर्धेत टाकलेली ती पहिली षटकं मराठीतून ऐकायची सोय त्याच दिवशी झालेली होती.

केदारसारखा समालोचक इथे काय वेगळं देतो? तो निर्णयांबद्दल बोलू शकतो. या गोलंदाजाने आता संथ चेंडू का टाकला, धोनी यष्टींमागून काय पाहतोय, षटकामागे बारा धावा हव्या असताना पोटात काय होतं, हे त्याने अंगावर झेललेलं आहे. आकडे कोणीही वाचून दाखवेल. वानखेडेवर लंगड्या पायाने मारलेल्या त्या षटकाराआधीच्या तीन चेंडूंत डोक्यात काय चाललं होतं, ते फक्त त्यालाच माहीत. ही माहिती मराठीत यावी, तालुक्याच्या मैदानावर टेनिस चेंडूने खेळणाऱ्या मुलापर्यंत थेट पोहोचावी, यात भाषेच्या अभिमानाइतकाच खेळाच्या शिक्षणाचाही प्रश्न आहे. त्या मुलाला प्रशिक्षक नाही. ऐकलेलं समालोचन हेच त्याचं प्रशिक्षण.

फोन आल्यावर पुन्हा मैदानात गेलेला केदार बंगळुरूकडून दोन सामने खेळला. त्याच वर्षी जानेवारीत त्याने आसामविरुद्ध रणजीत २८३ धावा केल्या होत्या, म्हणजे बोलावणं काही उपकाराचं नव्हतं. जूनमध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामात त्याने कोल्हापूरच्या संघाचं नेतृत्व केलं. ३ जून २०२४ रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली: दुपारी तीनपासून मला निवृत्त समजा, एवढंच, सोबत किशोरकुमारच्या एका जुन्या गाण्यावर आपली छायाचित्रं. २०२० साली धोनीनेही अशीच वेळ देऊन निरोप घेतला होता. 

त्याच्या मागून येणारे दिसत आहेत. बीडचा सचिन धस फेब्रुवारी २०२४ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा करून गेला. क्रिकेटची चिंता नाही. राहून गेलेलं काम दुसरीकडे आहे. धाराशिव जिल्ह्याची सारिका काळे भारताच्या महिला खो-खो संघाची कर्णधार होती. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या संघाने सुवर्ण जिंकलं आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही खो-खोला बावीस वर्षांनी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, पुरुषांनी ५४-३६. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. या खेळात सगळं काही सेकंदांत घडतं. पाठलाग करणारीने दिशा का बदलली नाही, खो कधी द्यायचा, खांबाशी हूल कशी द्यायची, हे खेळलेल्या माणसाने सांगितल्याशिवाय बघणाऱ्याच्या नजरेतून निसटतं. पुढच्या मोठ्या स्पर्धेचं मराठी प्रक्षेपण ठरेल तेव्हा सारिका काळेसारख्या खेळाडूला माइकपुढे बसवण्याचा विचार वाहिन्यांनी आणि संघटनांनी आतापासूनच करावा.